पुस्तकातला आहार आणि दुकानातला माल

आमच्या रक्तात साखर निघाल्यापासून गादीवर कापडाच्या ताग्यांशेजारी आहाराची पुस्तके येऊन बसली आहेत. एका स्नेह्याने डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे ‘विनासायास वेटलॉस’ आणून दिले. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभे असलेले हे पुस्तक सांगते की, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. मुलीने ऋजुता दिवेकर यांचे २००९ साली गाजलेले इंग्रजी पुस्तक दिले. त्यांचे म्हणणे की, दर दोन तासांनी थोडे थोडे खा, तुपाला घाबरू नका.

एकाच ताग्याचे दोन भाव सांगणारे दोन दलाल समोर बसले तर व्यापारी काय करतो? माल स्वतः पाहतो. रोजे ठेवणाऱ्यास दोन जेवणांचे नवल नाही. परंतु औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय केवळ पुस्तकावरून जेवणाच्या वेळा बदलणे आम्हांस दुरुस्त वाटत नाही.

तरीही ही पुस्तके निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. गिऱ्हाइकाने ‘शुद्ध सुती आहे का?’ असे विचारले की आम्ही एक धागा ओढून त्याला काडी लावतो. सुताला जळत्या कागदाचा वास येतो व राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. बिस्किटाचा असा धागा ओढता येत नाही. तेथे पुडक्यामागील बारीक अक्षरे वाचावी लागतात. जो घटक वजनाने जास्त तो यादीत आधी, असा नियम आहे. तेव्हा पुढे ‘पौष्टिक’ छापले असले तरी मागे पहिली दोन नावे मैदा आणि साखर असतील, तर माल कोणता ते समजावे.

दुसरी गोष्ट, सल्ला देणाऱ्याची दलाली कोण देतो हे पाहावे. १९६७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा एक लेख छापून आला. हृदयविकाराचा दोष त्यांनी चरबीवर टाकला आणि साखरेला हलकेच सोडून दिले. या कामासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने सुमारे ६,५०० डॉलर मोजले होते. ही गोष्ट लेखात सांगितली नव्हती. ती जुन्या कागदपत्रांवरून २०१६ साली उघड झाली. उसाच्या जिल्ह्यात राहून हे लिहिणे आम्हांस सोपे नाही. ऊसबिल हाती आले की मगच आमच्या दुकानात गर्दी होते. पण ज्या धंद्यावर आपले पोट आहे त्याविषयी खरे बोलू नये, असे थोडेच आहे?

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारीही होत आल्या आहेत. सुती सांगून पॉलिएस्टर विकणारा आणि गूळ सांगून साखर विकणारा, दोघे एकाच तागडीत बसतात.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. खारी, टोस्ट, नानखटाई यांच्या भट्ट्या अनेक बांधवांच्या आहेत. वनस्पती तुपातील घातक ट्रान्सफॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. काही बांधव म्हणतात, ही पुस्तके आमचा धंदा बुडविणार. आमचे मत उलट आहे. पुस्तक वाचून आलेले गिऱ्हाईक प्रश्न विचारते. त्यास सरळ उत्तर मिळाले तर ते पुन्हा येते. कोणते तूप, किती साखर, हे दुकानात फळ्यावर लिहावे. लोणी महाग पडत असेल तर भाव वाढवून सांगावा, पण नाव बदलू नये.

कपडा खोटा निघाला तर गिऱ्हाईक दुसरा घेते. अन्न खोटे निघाले तर ते अंगात गेलेले असते, परत करता येत नाही. खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्यावरची जबाबदारी म्हणूनच आमच्यापेक्षा मोठी आहे.