हृदय बंद पडलेल्या रुग्णाचे वजन आणि पुढची उभारी: उर्से परिसराचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. सहसंचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य, पुणे

विषय: हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वजन न पाहता तातडीची मदत आणि नंतर वजन पाहूनच देखभाल मिळण्याबाबत.

महोदय,

उर्से हे टोलनाक्याचे आणि कारखान्यांचे गाव. द्रुतगती मार्गावर रात्रंदिवस वाहने धावतात, कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. शेतात, यंत्रापाशी किंवा टोलच्या रांगेत कोणाचेही हृदय अचानक बंद पडू शकते. त्या क्षणी आणि पुढे कित्येक महिने वजनाविषयीचे गैरसमज रुग्णाचे नुकसान करतात. म्हणून आम्ही ग्रामस्थ, कामगार व रुग्णांचे कुटुंबीय हे मागणीपत्र देत आहोत.

आमची भूमिका

‘एवढा जाड माणूस, छाती दाबून काय होणार?’ हा पहिला गैरसमज. मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. स्थूल प्रौढासाठीही सीपीआरची, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची, रीत तीच: छाती किमान 5 सेंटिमीटर खाली जावी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दाबणारा दमतो, त्यामुळे दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. एकट्याने शिकून भागत नाही. शिवाय वजन आणि जगणे यांचा संबंध सरळ नाही. काही अभ्यासांत जास्त वजनाचे रुग्ण इतरांइतकेच किंवा अधिक वाचले, काहींत अतिस्थूल रुग्णांची स्थिती वाईट राहिली. नुसत्या वजनावरून कोणाची आशा सोडता येत नाही.

दुसरा गैरसमज, ‘शुद्ध येत नाही, म्हणजे संपले.’ गुंगीची काही औषधे चरबीत साठतात आणि स्थूल शरीरातून उशिरा उतरतात. मेंदू किती सावरेल याचा निर्णय किमान 72 तासांनी आणि गुंगी उतरल्यावरच व्हावा.

तिसरा गैरसमज घरी सुरू होतो: ‘वजन उतरले, बरेच झाले.’ लंडनमधील 2013 च्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे 18 टक्क्यांनी झिजलेला आढळला. उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि ताकद किती गेली, हे घरच्यांना कळत नाही. उलट, हृदय कमजोर झालेल्याचे वजन तीन दिवसांत 2 किलोहून अधिक वाढले, तर अंगात पाणी साठत असू शकते. तेव्हा वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो.

आमच्या मागण्या

1. उर्से टोलनाका, ग्रामपंचायत व मोठे कारखाने येथे चोवीस तास हाताशी येईल असे एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारे) असावे आणि त्याची दरमहा तपासणी व्हावी.
2. कारखान्यांतील प्रथमोपचार प्रशिक्षणात सीपीआर व एईडी सक्तीचे करावेत. प्रत्येक पाळीत किमान चार जण तयार असावेत.
3. 108 वर फोन करणाऱ्याला रुग्णवाहिका येईपर्यंत छाती कशी दाबावी हे मराठीत सांगितले जावे.
4. रुग्णालयातून सोडताना दाखल होतानाचे व घरी जातानाचे वजन, आहार आणि व्यायामाचा सल्ला मराठीत लिहून द्यावा.
5. कान्हे येथील शासकीय रुग्णालयात आठवड्यातून एकदा हृदयरुग्णांसाठी आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असावेत. गिळताना होणारा त्रास, विसराळूपणा आणि उदासी यांचीही तिथेच तपासणी व्हावी.
6. अशा रुग्णांच्या घरी जाण्यासाठी आशाताईंना वजनकाटा, नोंदवही आणि वाढीव कामाचा मोबदला द्यावा.

प्रशिक्षणासाठी माणसे जमवणे, पाळ्यांप्रमाणे वेळा जुळवणे आणि गावातील यंत्राची नोंद ठेवणे ही जबाबदारी आम्ही घेतो. यंत्रे, तज्ज्ञ आणि आदेश शासनाने द्यावेत. प्रत्येक मागणीवर 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
उर्से परिसरातील ग्रामस्थ, कामगार व रुग्णांचे कुटुंबीय