बंदोबस्तातून उरलेले पोलीस

"मॅडम, सगळा स्टाफ बंदोबस्ताला गेलाय. दोन दिवसांनी या."

गेल्या वर्षी हे उत्तर मी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर ऐकलं. सोबत माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी होती. मोटारसायकलवरचा एक जण महिनाभर त्या मुलीचा शाळेपासून घरापर्यंत पाठलाग करत होता. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर दुसरा बंदोबस्त लागलेला.

त्याच आठवड्यात कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून वाद झाला. शे-दोनशे माणसं ठाण्यासमोर जमली. तासाभरात गुन्हा दाखल झाला आणि आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. म्हणजे माणसं होती!

पोलिसांकडे मनुष्यबळ कमी आहे, हे मला मान्य आहे. सण, सभा, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे यांत हवालदार पिचून जातो. पण असलेली माणसं आधी कुठे पाठवायची, हे कुणीतरी ठरवतं. शिवाय फिर्याद लिहून घ्यायला फौज लागत नाही. एक माणूस आणि एक पेन पुरतं.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 साली सांगितलं. लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलीचा वारंवार पाठलाग करणं पोक्सोखाली गुन्हा आहे आणि अशा तक्रारीची नोंद न करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्टाफ नसेल तर नोंद नको, अशी सवलत कायद्यात कुठेही नाही. तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा, सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून करा, असा आदेश प्रकाश सिंह खटल्यात 2006 सालीच झाला होता. तो मनापासून पाळला असता तर मिरवणूक निघाली म्हणून एखादा तपास थांबला नसता.

आता थोडं आपल्याबद्दल. एखाद्या पोस्टविरुद्ध निवेदन द्यायचं असेल तर आपल्याही मोहल्ल्यातून शंभर जण निघतात. त्या अम्मीसोबत मी एकटी होते. बुजुर्गांचा सल्ला काय? "बदनामी होईल, मुलीला घरी बसवा." गर्दी जमली की पोलीस हलतात, हे त्यांना आपणच शिकवलं. मग गर्दी नसलेल्या बाईला कोण विचारणार?

शेवटी आम्ही लेखी तक्रार रजिस्टर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवली. ठाण्याने नकार दिला तर हा मार्ग कायद्यानेच दिलेला आहे. प्रत्येक आईला तो माहीत हवा. गुन्हा अकराव्या दिवशी नोंदला गेला. पाठलाग करणारा रोज त्याच रस्त्यावर होता आणि मुलगी घरात. माझ्या हजेरीपटावर त्या सगळ्या दिवसांना तिच्या नावापुढे गैरहजेरी आहे.