गुण मुलांचे, शिष्यवृत्ती कार्यालयाच्या हाती

7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांनी साताऱ्यातील शाळेत प्रवेश घेतला. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. शिष्यवृत्तीचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आज अकरावी-बारावीच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. दहावीला किमान 75 टक्के गुण हवेत, उत्पन्नाची अट नाही. महिना 300 रुपये, तेही दहा महिनेच. म्हणजे पात्रता गुणांवर ठरते, महाविद्यालयाच्या मर्जीवर नाही. पण महाडीबीटीवरचा अर्ज आधी महाविद्यालयच तपासते. तिथे तो पडून राहिला किंवा त्रुटी वेळेत कळवली नाही, तर गुणवंत मुलगी हक्काच्या पैशाला मुकते आणि दोषही तिलाच दिला जातो.

सातारा-सांगलीतील प्रत्येक महाविद्यालयाने किती अर्ज आले, किती पुढे पाठवले, किती कोणत्या कारणाने अडले, हे दर महिन्याला सूचना फलकावर लावावे, अशी आमची मागणी आहे. कार्यकर्त्यांनीही विहारात बसून मुलांचे अर्ज तपासून द्यावेत. त्रुटीच उरली नाही, तर अर्ज अडवणाऱ्याला कारण द्यावे लागेल.