सुजलेला घोटा काय सांगतो?

बालमित्रांनो, एसटीत सात-आठ तास बसून आलेल्या आजीचे घोटे सुजलेले पाहिलेत ना? पाय लोंबकळत राहिले की रक्तातलं पाणी खाली झिरपतं. अंगठ्यानं हलकेच दाबा, खळगा पडतो! रात्री पाय उशीवर ठेवले की सूज ओसरते. लंगडीत मुरगळलेला पाय वेगळा. तो एकच सुजतो आणि ठणकतो.

पण तुमचेच दोन्ही घोटे सुजले, सकाळी डोळ्यांभोवतीही सूज दिसली, लघवी फेसाळ किंवा चहाच्या रंगाची होऊ लागली, तर मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. लघवीचं बोलायला वर्गात सगळे लाजतात, ठाऊक आहे मला! तरी आईला त्याच दिवशी सांगा. आणि आजीची एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा तिला धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.