दुःखात आभार, दुःखाबद्दल नव्हे



मुलाला नोकरी लागली, घर झालं, की आपण उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतो. छानच आहे. पण ज्यांच्या घरचं माणूस नुकतंच गेलंय, त्यांनाही ‘देवाचे आभार माना’ म्हणणं मला पटत नाही. पौलाने सर्व प्रसंगी आभार मानायला सांगितलं. दुःखाबद्दल माना, असं नव्हे.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. त्याचे आभार कोण मानेल? पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून सांभाळल्या. आपण वाचलो याची कृतज्ञता मी हिला म्हणतो.

आपल्या नया बाजारातही शोकाच्या घरी उपदेश नको. डबा घेऊन जाऊ, जवळ बसू. आभाराचे शब्द त्यांना सुचतील तेव्हा सुचतील.

— एक वाचक, नया बाजार, ग्वाल्हेर