शक्कर तलावाचा फेरा

"आल्या वाटीनंच वापस यायचं असंन तं मले नेऊ नका," आईनं आधीच सांगून टाकलं. तिचं वय बहात्तर आणि उजवा गुडघा त्याहून म्हातारा. चालायला तिची ना नसते. कोणाच्या वावरात काय उभं आहे, कोणाची बोंडं फुटली, हे बघत ती कोसभर सहज जाते. परतताना तीच झाडं, तेच धुरे पुन्हा लागले की पहिल्या दगडावर बसकण मारते. तेव्हा आम्हाला हवा होता फेरा. फार चढ नको, मधे मधे सावली हवी आणि टेकावं तिथं समोर पाणी.

अमरावतीच्या मावसभावाचं उत्तर तयारच होतं. "छत्री तलावावर ये न बापा, कायले जंगलात मरतं!" त्याचंही चूक नाही. वडाळी आणि छत्री हे दोन्ही तलाव इंग्रजी अमदानीत शहराच्या पाण्यासाठी बांधले. आता अमरावतीचं पाणी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येतं आणि तलाव फिरण्यापुरते उरले. मागे पोहऱ्याचं जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, त्यामुळे दिवस मावळायच्या आत घरी. पायांच्या सरावासाठी जागा झकास. पण मला एका फेऱ्यात अनेक तलाव हवे होते, आणि तसा फेरा आमच्या अकोला जिल्ह्यात पाचशे वर्षांपासून आखून ठेवलेला आहे. तो नरनाळा किल्ल्यावर.

अकोल्याहून अकोट, अकोटहून पोपटखेड, पुढे पायथ्याचं शहानूर. आता किल्ल्यापर्यंत गाडीरस्ता आहे. जुन्या वाटेनं चढणाऱ्याला शहानूर, मेहंदी आणि महाकाली असे दरवाजे ओळीनं लागतात. महाकाली दरवाजा १४८७ चा, फतेहउल्ला इमादुल्मुल्कनं बांधलेला. पुढे यानंच वऱ्हाडात इमादशाही उभी केली. कमळं, जाळ्या आणि दगडात उमटवलेली अक्षरं बघत तिथं अर्धा तास मोडतो, तो हिशेबात धरावाच. गाडीनं वर गेलो तरी आईला या दरवाजाशी न्यायचं हे ठरलं. गुडघ्याचं भांडण आहे ते चढाशी, कमानीशी नाही.

वर माथा ऐसपैस आहे. पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड, मधे नरनाळा, असे तीन गड एकमेकांना चिकटलेले. एवढ्या शिबंदीला पाणी कुठून? वर नदी नाही, विहिरीचा भरवसा नाही. म्हणून पठारावर जिथं जिथं उतार मिळाला तिथं पाणी अडवलं. लहानमोठे तलाव, टाकी आणि सगळ्यांत ऐसपैस तो शक्कर तलाव. तेला-तुपाची टाकी म्हणून दाखवतात ती कमानींची खोल टाकी पाहिली की मला तर तीही पाण्याचीच वाटतात; एवढं तूप कढवणार कोण होतं? फेरा आखायला कागदावर फार डोकं चालवावं लागत नाही. पावसाचं पाणी जिकडं वळवलं, तिकडं आपणही वळायचं.

आमच्या पोरानं मोबाईलवर किलोमीटर मोजून दिले. मोबाईलला अंतर कळतं, महिना कळत नाही. हे तलाव आभाळावर भरतात. भादव्यात गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, टाक्याचा काठ कुठं संपला ते दिसत नाही, पायऱ्यांवर शेवाळ. चैत्रात जावं तर काही तलावांत नुसता चिखल. मधला काळ म्हणजे दिवाळीनंतरचा: तलाव भरलेले, गवत पिवळं पडून झोपलेलं, सागाच्या पानांना अजून सावली आहे. म्हणून कार्तिकातला रविवार.

बाकी यादी छोटी. नरनाळा १९९७ पासून अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. तेव्हा कोणता दिवस आणि कोणती वेळ खुली आहे, हे वन खात्याकडे आधी विचारायचं. दाराशी नोंद, शुल्क आणि सोबत गाईड. तो म्हणेल तीच वाट. गडाबाहेरच्या रानवाटा आपल्या नाहीत. प्लास्टिक घरी ठेवायचं, म्हणून पाणी स्टीलच्या कॅनमध्ये. अत्तर कोणी लावायचं नाही. जुन्या कमानींना आग्या मोहोळं धरतात आणि त्यांना आपला थाट पसंत पडतोच असं नाही. शिदोरी ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. नऊगजी तोफेजवळ जेवू असं मी म्हणालो, तर आई म्हणाली, "तोफीपाशी कायले? पान्यापाशी बसू."

पाण्यापाशी बसण्याचा तिचा हट्ट मला कळतो. तिचं माहेर पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरची ही पट्टी. हिच्यात विहीर खणली की खारं पाणी लागतं. डाळ शिजत नाही, चहा नासतो, भांड्यांवर पांढरा थर बसतो. गोड पाणी दुरून आणावं लागे. नरनाळ्याला जायचं तर हीच पट्टी आडवी ओलांडावी लागते. खाली मैलोगणती खारं पाणी आणि डोंगरावर तलावाचं नाव शक्कर! हे नाव कोणी ठेवलं असेल ते असो. आईला ते ऐकूनच पटलं.

याच रस्त्यावर गांधीग्राम. श्रावणात शेवटच्या सोमवारी इथं पूर्णेचं पाणी भरून हजारो पोरं कावड खांद्यावर घेऊन अनवाणी अकोल्याला राजराजेश्वराकडे चालत येतात, रात्रभर. आईचे भाऊही गेलेले. मावसभाऊ जेव्हा फोनवर विचारू लागला, "मावशीले झेपंन काय गा?" तेव्हा ती मागून ओरडली, "त्याले म्हना, मावशी कावडवाल्याइच्या घरची हाय."

मग त्यानंही होकार दिला, पण एक विचारलंच. "वाघ दिसंन काय?"

"वाघ पाहाचा असंन तं तू जिप्सीत बस," आई म्हणाली, "आमी तलावं पाहतो."

आता एकच तिढा उरला आहे. आल्या वाटेनं परतायचं नाही ही अट आईनं सगळ्या प्रवासालाच लावली. म्हणून परतताना अकोटहून दर्यापूर, मूर्तिजापूर आणि मग अकोला, असा मोठा फेरा ठरला. पण त्यात गांधीग्राम एकदाच लागतं, तेही जाताना, आणि तिथली गूळपट्टी घेतल्याशिवाय पुढं जायची आमच्या घरात रीत नाही. किलोभर घेतली तर अकोटपर्यंत संपते, हा अनुभव. दोन किलो घ्यावी, त्यातली एक आईच्या पिशवीत तळाला ठेवावी, असं सध्या चाललं आहे. पिशवी कोणी धरायची हे अजून ठरायचं आहे.