बैठकीतला मतभेद बैठकीतच

कार्यालयीन व्यवस्थापनावरील उपदेशात अलीकडे एक मत फार आत्मविश्वासाने मांडले जाते. ज्या चमूत वाद होत नाहीत तो एकदिलाचा, सर्वांची मर्जी सांभाळणारा सहकारी हाच गुणी, ज्येष्ठांपुढे न बोलणे हा तर आपला संस्कार, आणि वेगळे मत असलेच तर ते चारचौघांत न काढता बैठकीनंतर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हळूच सांगावे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. हा पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते प्रतिपक्षाचे म्हणणे, साहेबांना ऐकायला गोड आहे, आणि तो पसरतो तोही त्यामुळेच.

संस्काराचा मुद्दा टिकणारा नाही. ज्या परंपरेने पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडू दिला नाही, तिच्या नावावर होयबांची भलामण करता येत नाही. वेळ वाचतो म्हणावे, तर न बोललेली चूक निस्तरण्यात तो व्याजासकट जातो.

सविस्तर समाचार घ्यायला हवा तो केबिनच्या सल्ल्याचा, कारण तो सर्वांत समंजस दिसतो. त्यात असे गृहीत धरलेले आहे की मतभेद ही दोन व्यक्तींमधली खासगी बाब असून ती वरिष्ठांच्या कानावर घातली की संपली. वास्तविक उघड मतभेदाचा मोठा उपयोग होतो तो शेजारी बसून ऐकणाऱ्यांना. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्याचे अगदी सोपे काम दिले होते. मात्र गटातील एक जण सोडून बाकीचे आधी ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत, आणि अशा वेळी तो एकटा सुमारे एकतृतीयांश खेपांना त्यांचीच री ओढी. गटात खरे उत्तर देणारा दुसरा एक जण बसवताच हे प्रमाण मूळच्या सुमारे एकचतुर्थांशावर आले. तो दुसरा जण नंतर प्रयोगकर्त्याच्या खोलीत जाऊन खरे उत्तर सांगता, तर पहिल्याला त्याचा काडीचाही आधार मिळाला नसता. केबिनमध्ये नेलेला मतभेद असा इतरांपासून तोडला जातो; तिथे तो साहेबांच्या मेहेरबानीवर जगतो, आणि बाहेर बसलेले दहा जण आपल्याला एकट्यालाच शंका आली असे समजून मिठाची गुळणी धरून राहतात.

शिवाय ‘नंतर’ हा काळ प्रत्येक कामात मिळतोच असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावरील विमानतळावर, दाट धुक्यात, एका डच बोइंग ७४७ च्या वैमानिकाने उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना विमान धावपट्टीवर सोडले. धावपट्टीवर असलेले अमेरिकन विमान अजून बाजूला झाले नाही काय, अशी शंका कॉकपिटमधील फ्लाइट इंजिनिअरने विचारली. कंपनीत वैमानिकांच्या प्रशिक्षणाची धुरा वाहणाऱ्या त्या ज्येष्ठ कप्तानाने ती ठामपणे मोडीत काढली, आणि शंका तिथेच थांबली. काही क्षणांतच दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. कनिष्ठाने मर्यादा पाळली, प्रश्न नम्रपणे विचारला, उत्तर मिळताच तो गप्प झाला. केबिनवाद्यांच्या कसोटीला तो पुरेपूर उतरला. याउलट हवाई वाहतूक क्षेत्राने या व अशाच इतर अपघातांवरून घेतलेला धडा असा की, वरिष्ठाचे मत पटले नाही तर कनिष्ठाने ते तिथल्या तिथे आणि स्पष्ट शब्दांत सांगावे, व वरिष्ठाने ते ऐकावे, याचे प्रशिक्षण संपूर्ण चमूला दिले पाहिजे; ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ ही पद्धत त्यातूनच आकाराला आली.

मतभेदांना मोकळीक दिली की कार्यालयाचा आखाडा होईल, ही भीतीही जुनीच आहे. शिस्त आधी की चर्चा आधी या वादात ती दर पिढीला नव्याने पुढे केली जाते. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, तिचे उत्तर केव्हाच दिले आहे. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढते ती वितंडा. जल्प आणि वितंडा यांच्या भयाने वादच बंद पाडणारे लोक शिस्त राखत नाहीत. ते वरिष्ठांची झोप राखतात.

राहिला मंडनाचा भाग. निकोप मतभेद म्हणजे निर्णयावर रोख ठेवणारा, कारणे देणारा आणि निर्णय होण्यापूर्वी सर्वांसमक्ष केलेला मतभेद. त्यासाठी धाडसी माणसे शोधत बसण्यापेक्षा बोलण्याचा क्रम बदलणे सोपे आहे. लष्करी न्यायालयात सदस्यांची मते सर्वांत कनिष्ठापासून घेण्याची पद्धत आहे, कारण वरिष्ठ आधी बोलला की खालचे मत त्याच्याकडे झुकते. कार्यालयीन बैठकीतही प्रमुखाने शेवटी बोलावे, आणि ज्याचे मत फेटाळले गेले त्याचे कारणांसह म्हणणे इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, त्याच्या नावानिशी उतरवावे. एवढे ज्या प्रमुखाला जड जाते, त्याच्या बैठकीतील एकमताला संमती मानण्याचे कारण नाही.